सोलापूरच्या तळ्याकाठी: पाणपक्ष्यांचे निरीक्षण आणि काठाची राखण

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्येच येतो. अशा कोरड्या मुलखात माणसाने आपल्या गरजेसाठी पाणी अडवले आणि पाखरांनी ते आपलेसे केले. शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव आहे, विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचा कंबर तलाव आहे, तुळजापूर रस्त्याला लागून हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे आणि वायव्येला भीमेवर उजनीचा लांबरुंद फुगवटा पसरलेला आहे. एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, उजनी धरण १९८० मध्ये. दोन्ही बांधले गेले ते शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी. तरीही दर हिवाळ्यात मध्य आशियातून आणि त्याच्याही उत्तरेकडून बदके, तुतारी, चिखले आणि पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, येथे उतरतात, आणि उजनीचे पाणी ओसरू लागले की करमाळा तालुक्यातल्या केत्तूरसारख्या गावांच्या काठावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात.

या पाखरांना पाहावे, मोजावे आणि त्यांच्यासाठी हाताने काही करावे असे वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यातली प्रत्येक पायरी एका समजुतीवर उभी आहे: बहुतेक पाणपक्ष्यांचे पोट तळ्याच्या खोल पाण्यावर भरत नाही, ते काठावर भरते. पाणी आणि जमीन यांच्यामधला उथळ, चिखलाचा, कधी बुडणारा आणि कधी उघडा पडणारा पट्टा म्हणजे त्यांचे ताट, झोपण्याची जागा आणि पुष्कळांचे बाळंतघरही आहे. तळे स्वच्छ दिसते म्हणून ते पाखरांना उपयोगाचे असतेच असे नाही. काठ शाबूत असेल तर गढूळ दिसणाऱ्या पाण्यावरही शेकडो पक्षी राहतात.

सुरुवात: एक तळे, एक वाट

सुरुवातीला सगळे जलाशय पालथे घालण्यापेक्षा घरापासून जवळचे एक तळे निवडावे आणि त्याच्या काठाने साधारण एक ते दीड किलोमीटरची वाट ठरवून घ्यावी. त्या वाटेवर चार-पाच थांबे पक्के करावेत, म्हणजे प्रत्येक वेळी त्याच ठिकाणाहून त्याच दिशेला पाहता येईल. थांबा निवडताना सूर्य पाठीशी राहील हे पाहावे. सकाळी जायचे असेल तर पूर्वेकडच्या काठावरून पश्चिमेकडे पाहिल्यास पिसांचे खरे रंग दिसतात, उलट बाजूने पाहिल्यास चांदवा आणि टिबुकली दोन्ही काळे ठिपकेच भासतात. शहरातल्यांना सिद्धेश्वर आणि कंबर तलाव सोयीचे आहेत, तर पक्ष्यांची विविधता हवी असेल तर हिप्परगा अधिक चांगला. मात्र जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा भरते तेव्हा सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात मोठी गर्दी असते. त्या दिवसांतले निरीक्षण दुसऱ्या तळ्यावर ठेवावे.

पहिले पूर्ण वर्ष, म्हणजे एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, हातात विळा-कोयता घेऊ नये असा माझा आग्रह आहे. ज्या कोपऱ्यातले पाणकणीस आपल्याला माजलेले वाटते तिथेच जांभळ्या पाणकोंबडीचे घरटे असू शकते आणि जी उघडी, ओसाड दिसणारी जमीन झाडे लावायला योग्य वाटते तीच टिटवीची अंडी घालण्याची जागा असते. वर्षभर पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि न कळता केलेल्या कामाने उपकारापेक्षा अपकारच जास्त होतो.

साहित्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ८×४२ मापाची दुर्बीण पुरेशी आहे. त्यातला पहिला आकडा वस्तू किती पटींनी जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास, ज्यावर प्रकाश किती मिळणार हे ठरते. दहा पटींची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि तिचा आवाकाही कमी असतो. मोठ्या जलाशयावर तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, उपयोगी पडतो, पण तो गटात एकच असला तरी भागते. वही, पेन्सिल, मातकट रंगाचे कपडे, टोपी आणि पाणी एवढे बरोबर असावे. न्याहारीला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कापडात बांधून न्यावी. ती खराब होत नाही आणि काठावर प्लास्टिकही राहत नाही.

ओळखायचे कसे

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे रंगापासून सुरुवात करणे. पाणपक्ष्यांच्या बाबतीत पक्षी किती खोल पाण्यात उभा आहे आणि तिथे काय करतो आहे हे आधी पाहावे, कारण पायांची लांबी आणि चोचीचा आकार यांवरच त्याची जागा ठरलेली असते. पाण्यापासून हातभर लांब, नुसत्या ओलसर चिखलावर चार पावले धावून एकदम थांबणारा, पुन्हा धावणारा लहानसा पक्षी बहुधा चिखल्या असतो; त्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे आणि गळ्यात काळी पट्टी दिसली की तो लहान कंठेरी चिखल्या समजावा. बोटभर पाण्यात मान खाली घालून शिवणयंत्रासारखी चोच चालवणारे चिमुकले टिलवे असतात. वीतभर पाण्यात लांबलचक गुलाबी पायांवर शेकाट्या चालतो. ढोपरभर पाण्यात चित्रबलाक अर्धवट उघडी चोच बुडवून उभा राहतो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो, तर चमचा आपली चपटी चोच डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. त्यापलीकडे बदके दिसतात. थापट्या रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावर धरून गोल गोल फिरत असतो, तलवार बदक शेपूट वर करून डोके तळाशी नेते, आणि त्याहून खोल पाण्यात टिबुकली, चांदवा आणि पाणकावळे बुड्या मारतात.

ही रचना एकदा डोळ्यांत बसली की काठाचा उतार का जपायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. उतार सौम्य असेल तर पाणी बोटभर खाली गेले तरी मीटरभर नवा चिखल उघडा पडतो. तोच उतार उभा केला तर पाणी कितीही चढले-उतरले तरी टिलव्याला आणि चिखल्याला पाय टेकायला जागा राहत नाही.

तीन तुतारींमधला फरक सगळ्यांना छळतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. सामान्य तुतारी बहुधा एकटी, दगडांच्या काठाने चालते आणि तिचे शेपूट सारखे वर-खाली होत असते. तिच्या खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग वर शिरलेला दिसतो. हिरवी तुतारी पाठीवर गडद, जवळजवळ काळपट असते. ओढ्याच्या किंवा चरीच्या आडोशाला ती दबून बसते आणि उडताना तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र चौकोन दिसतो. ठिपकेवाल्या तुतारीचे पाय लांब आणि पिवळसर, पाठ ठिपक्यांनी भरलेली आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते; ती उघड्या चिखलावर लहान गटात फिरते. तिन्ही एकाच सकाळी दिसल्या तर तासभर त्यांच्याजवळच बसावे, कारण पुस्तकातली चित्रे महिनाभर पाहून जे कळत नाही ते अशा एका बैठकीत कळते.

मोजणी

पाहणे स्वतःसाठी असते, मोजणी सगळ्यांसाठी असते. पाच वर्षांनी एखाद्या तळ्याचे काय बिघडले हे सांगायचे असेल तर आज तिथे किती पक्षी होते याची नोंद हवी, आणि ‘भरपूर’ किंवा ‘हजारो’ ही नोंद होत नाही. दर वेळी तारीख, सुरुवातीची वेळ, किती वेळ पाहिले, किती अंतर चाललो, आभाळ आणि वारा कसा होता हे आधी लिहावे. पाण्याची पातळी लिहायला विसरू नये. सांडव्याची पायरी, विसर्जन घाटाची फरशी किंवा काठावरचा एखादा मोठा दगड खूण म्हणून ठरवून पाणी त्याच्या किती खाली किंवा वर आहे हे लिहिले तरी चालते.

मोठ्या थव्यात एकेक पक्षी मोजणे शक्य नसते. अशा वेळी थव्याच्या कडेचे दहा पक्षी काळजीपूर्वक मोजावेत, दुर्बिणीतल्या दृश्यात त्यांनी किती जागा व्यापली ते लक्षात ठेवावे आणि तेवढीच जागा थव्यावर एकापुढे एक ठेवत न्यावी. थवा पाचशेच्या पुढचा असेल तर याच रीतीने आधी शंभरांचा तुकडा तयार करावा आणि तो वापरावा. चांदव्यांचा थवा सगळीकडे सारखा दाट नसतो, मध्यभागी तो गच्च आणि कडांना विरळ असतो, हे ध्यानात ठेवून तुकडा मधल्या भागासाठी वेगळा आणि कडांसाठी वेगळा घ्यावा. मिश्र थव्यात आधी एकूण आकडा काढून मग प्रत्येक जातीचा वाटा ठरवणे सोपे जाते. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे आणि नंतर आकडे जुळवून पाहावेत. फरक फार असेल तर पुन्हा मोजावे. नेहमी एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे मोजत जावे. मोजता मोजता भोवत्या किंवा दुसरा शिकारी पक्षी आला आणि सगळा थवा उठला, तर तिथवरचा आकडा लिहून थांबावे आणि पाखरे बसल्यावर पुन्हा आरंभ करावा.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भराव्यात. त्यात पक्ष्यांची नावे मराठीतही दिसतात. ओळखलेले सगळे पक्षी यादीत लिहिले असतील तरच यादी संपूर्ण असल्याचे नोंदवावे. केवळ दुर्मीळ पक्षी लिहून साधे पक्षी गाळले तर ती यादी अभ्यासाला निरुपयोगी ठरते. ढोकरी आणि गायबगळे नेहमीचेच म्हणून आपण सोडून देतो, पण उद्या ते कमी झाले तर ते कशावरून कळणार? याशिवाय दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ही गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यात एका ठरावीक कालावधीत अनेक देशांतले स्वयंसेवक आपापल्या जलाशयावरचे पक्षी मोजतात. आपल्या तळ्याची मोजणी एकदा तिच्यात गेली की ती दरवर्षी, त्याच थांब्यांवरून, चालू ठेवावी. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून पाळला जातो. चितमपल्लींचा जन्म सोलापूरचा असल्याने आपल्याकडे या सप्ताहाला वेगळी आपुलकी आहे. नव्या माणसांना पहिल्यांदा तळ्यावर आणायला ते दिवस चांगले.

एखाद्या पट्टकादंबाच्या गळ्यात अक्षरे लिहिलेली पट्टी किंवा तुतारीच्या पायात कडे दिसले तर रंग, अक्षरे, कोणत्या पायात आणि वर की खाली हे सगळे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावे. जवळ जाण्याचा मोह टाळावा. स्कोपमधून मोबाइलने काढलेला फोटो पुरतो.

काम कधी करायचे

काठावरच्या कामाचे वेळापत्रक माणसांच्या सुटीवरून नव्हे, पाखरांच्या वर्षावरून ठरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणवनस्पतींत चांदवा, टिबुकली, पाणकोंबड्या आणि कमळपक्षी घरटी करतात आणि काठावरच्या बाभळींवर सुगरणींची लगबग असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत पाहुणे पक्षी असतात. त्यांना सारखे उठवले तर लांबच्या परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी उडण्यातच खर्च होते. मार्चपासून पावसापर्यंत उघड्या पडलेल्या तळावर टिटव्या, शेकाटे, चिखले, आर्ली आणि नदी सुरय अंडी घालतात. उरतात ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पाऊस संपलेला, जमीन ओली, पिल्ले उडालेली आणि थंडीचे पाहुणे अजून पूर्ण यायचे असे हे सहा-सात आठवडे आहेत, आणि वर्षभराचे अंगमेहनतीचे काम त्यांतच बसवावे लागते.

याच काळात नवरात्र आणि कोजागिरी येते. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांनी हिप्परग्याजवळचा रस्ता भरून वाहतो. त्या दिवशी काम ठेवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र सर्वांनी मिळून रस्त्याकडेचे पेले, पत्रावळ्या आणि पिशव्या गोळा कराव्यात, कारण वाऱ्याने हा कचरा पाण्यात गेला की तो काढणे दहापट अवघड होते.

परवानगी आणि गावकरी

हिप्परग्याचा तलाव जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि शहरातले तलाव महापालिकेकडे आहेत. कामाची जागा, तारखा, माणसांची संख्या आणि नेमके काय उपटणार हे लिहून रीतसर अर्ज द्यावा आणि त्याची प्रत वन विभागाला द्यावी. पाणथळींविषयी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, पण पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणून अर्जात त्या नियमांचा आधार घेण्यापूर्वी आपले तळे त्यांत बसते का हे तपासावे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मात्र तळे कोणाचेही असो, पक्ष्यांना, त्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना लागू आहे.

कागदापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे तिथे रोज वावरणारी माणसे. मासेमारी करणारे, शेळ्या-म्हशी चारणारे आणि गाळपेऱ्याची, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरची, शेती करणारे यांना तळ्याची नस ठाऊक असते. “काका, हे पाणकणीस काढले तर तुमच्या जाळ्याला अडचण होईल का?” असे विचारून सुरुवात केली तर पाणी कुठे किती खोल आहे, गाळ कुठे फसवा आहे आणि यंदा टिटवी कुठे बसली आहे हे सगळे तेच सांगतात. त्यांना टाळून केलेले काम महिनाभरही टिकत नाही. शहरातल्या तळ्यांवर सूचनाफलक लावायचे असतील तर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावावेत. सोलापुरात ते सगळ्यांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही.

जलपर्णी

जलपर्णी हे आपल्या तळ्यांवरचे सर्वांत दिसणारे संकट आहे. पोषक पाणी आणि ऊन मिळाले की ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते, आत प्रकाश जाऊ देत नाही आणि खाली प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. ती वाढते ती मुख्यतः सांडपाण्यावर. नाला बंद न करता जलपर्णी काढत राहणे हे कधी न संपणारे काम आहे, म्हणून काढणीच्या अर्जासोबतच तळ्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचे ठिकाण, फोटो आणि तारीख जोडून त्याची तक्रारही दाखल करावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये.

काढण्याच्या आदल्या आठवड्यात दोघांनी काठावरून आणि जमल्यास होडीतून संपूर्ण पट्टा तपासावा. पाऊस लांबलेल्या वर्षी ऑक्टोबरमध्येही चांदव्याचे किंवा कमळपक्ष्याचे उशिराचे घरटे सापडते. तिथे बांबूची काठी रोवून, खुणेचे फडके बांधून, आजूबाजूचा वीस-पंचवीस पावलांचा भाग सोडून द्यावा. नंतर वारा पाहावा. जलपर्णीचे तरंगते गालिचे वाऱ्याबरोबर सरकतात; पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याने ते पूर्वेच्या काठाला जमतात आणि हिवाळ्यात वारा फिरला की उलट जातात. ज्या दिवशी वारा आपल्या काठाकडे लोटत असेल तो दिवस निवडला तर अर्धे ओढण्याचे काम वाराच करतो. रिकाम्या प्लास्टिक बाटल्या बांधलेला लांब दोर पाण्यावर पसरून गालिचाचा एक तुकडा वेढावा, तो हळूहळू काठाशी आणावा आणि दाताळ्यांनी वर ओढावा. पाने तोडू नयेत, मुळांसकट पूर्ण रोप बाहेर आले पाहिजे. तुटलेल्या कांड्यातून नवे रोप फुटते. शेवटी जाळीच्या टोपलीने लहान तुकडेही गोळा करावेत. हे कंटाळवाणे वाटते, पण पुढच्या वर्षीचे निम्मे यश याच कामावर अवलंबून असते.

काढलेल्या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ती पूररेषेच्या वर, उतार तळ्याकडे नसलेल्या जागी पसरून चार-पाच दिवस वाळवावी, मगच तिची वाहतूक करावी किंवा खड्ड्यात शेण आणि मातीच्या थरांसह कुजवावी. सांडपाण्याच्या तळ्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून तिचे खत भाजीपाल्याला घालू नये. रस्त्याकडेच्या किंवा बागेतल्या झाडांना चालते. बी गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहते, त्यामुळे एका हंगामात तळे मोकळे झाले म्हणून काम संपले असे समजू नये. दर महिन्याच्या फेरीत नवी रोपे दिसतील तेवढी हाताने उचलावीत.

जलपर्णी आणि पाणकणीस यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. पाणकणीस आपल्याकडचेच आहे आणि पाणकोंबड्या, लहान बगळे व सुगरणी त्याच्या आडोशाने राहतात. ते सगळ्या काठावर पसरून चिखल झाकू लागले तर विरळ करावे, पण एकूण पट्ट्याचा निदान तिसरा हिस्सा सलग राखावा. एकाच जागी सगळे कापण्याऐवजी दर वर्षी वेगळा तुकडा कापत गेल्यास कुठे उंच, कुठे मध्यम, कुठे नुसता चिखल असा काठ तयार होतो, आणि पाखरांना तोच हवा असतो.

वेडी बाभूळ, आणि झाडे लावण्याविषयी

वेडी बाभूळ काठावर चढली की उघडी जमीन संपते. ती जमिनीलगत कापली तर चौपट फांद्यांनी फुटते, म्हणून ओल असताना टिकाव आणि पहारीने बुंध्याभोवती खणून, मुळाच्या वरच्या गाठीसकट, साधारण वीतभर खोलीपर्यंत काढावी. शेंगा लागण्याआधी काढल्यास उत्तम, कारण शेळ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी दूरवर रुजते. मोठ्या झाडावर बगळ्यांची किंवा पाणकावळ्यांची वीण होत असेल तर त्याला हात लावू नये. रोपे आणि झुडपे काढण्यापुरतेच हे काम ठेवावे. बेशरम या काठावर माजणाऱ्या झुडपालाही हीच पद्धत लागू पडते. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

मोकळ्या काठावर नवी झाडे लावण्याला माझा ठाम विरोध आहे. वृक्षारोपणाचे फोटो छान येतात, पण तळ्याभोवतीचा उघडा माळ हा स्वतःच एक अधिवास आहे. झाड उभे राहिले की त्यावर घार आणि कावळा बसतो आणि खालच्या टिटवीची अंडी त्याला सहज दिसतात. नान्नजला माळढोकासाठी जपलेला माळ सोलापूरकरांना ठाऊक आहे. मोकळ्या जमिनीची किंमत आपल्याइतकी कोणाला कळावी? झाडे लावायचीच असतील तर ती पाण्यापासून दूर, बांधाच्या बाहेरच्या अंगाला, वस्तीच्या बाजूने लावावीत.

गाळ काढताना

उन्हाळ्यात तळी आटली की गाळ काढून शेतात नेला जातो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे या कामाला वेग आला आणि शेतकऱ्यांना त्याचा फायदाही झाला. पाणीसाठा वाढतो ही गोष्ट दुष्काळी जिल्ह्यात कमी मोलाची नाही. म्हणून गाळ काढण्याला विरोध करू नये. तो कसा काढला जातो याकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे. यंत्राने सरळ उभे खोदले तर काठ भिंतीसारखा होतो; पाणी वाढते, पण चिखलाचा पट्टा जातो. काम सुरू होण्यापूर्वीच अधिकाऱ्यांना भेटून तीन गोष्टींची विनंती करावी: खोदाई तळ्याच्या मध्यभागी, बांधाजवळच्या खोल भागात व्हावी; नदी-ओढा जिथून आत येतो त्या उथळ टोकाला हात लागू नये; आणि जिथे काठ खोदावाच लागेल तिथे उतार उभ्या एका मीटरला आडवे दहा मीटर किंवा त्याहून सौम्य ठेवावा. खोदलेल्या मातीचा एखादा ढीग पाण्याच्या मध्ये सोडून दिला तर त्याचे बेट होते. कुत्री आणि माणसे तिथे पोहोचत नाहीत, म्हणून नदी सुरय आणि शेकाटे अशी जागा लगेच शोधतात.

ट्रॅक्टरच्या वाटाही ठरवून घ्याव्यात. उघड्या तळावरून वाटेल तिथून ट्रॅक्टर गेले तर टिटवीची चार अंडी चाकाखाली कधी गेली हे कोणाला कळतही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तळ फिरून घरटी हेरावीत आणि ट्रॅक्टरच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड रचून वाट आखून द्यावी. घरट्याशेजारी झेंडा रोवू नये. कुत्री आणि कावळे ती खूण शिकतात.

घरट्याजवळ

टिटवी वर घिरट्या घालत ओरडू लागली, किंवा शेकाट्या पंख मोडल्यासारखा जमिनीवर लंगडू लागला, तर आपण घरट्याच्या जवळ आहोत. तिथेच थांबावे, पायाखाली पाहावे आणि आलो त्याच पावलांनी मागे जावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशा उन्हात पक्षी अंड्यांवर ऊब देण्यासाठी बसत नाही, सावली देण्यासाठी उभा राहतो. टिटवी आणि शेकाट्या अधूनमधून पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. फोटोसाठी कोणी दहा मिनिटे जवळ उभे राहिले आणि पक्षी परतू शकला नाही, तर तापलेल्या दगडांवरची ती अंडी उबवण्याआधीच निकामी होतात. म्हणून या काळात सकाळी आठनंतर कोरड्या तळावर उतरूच नये. दुरून, बांधावरून पाहावे.

कचरा, जाळी आणि आजारी पक्षी

तुटक्या नायलॉन जाळ्या, गळाचे दोर आणि मांजा दर फेरीत उचलावेत. बदकाच्या पायाला किंवा पंखाला दोर गुंडाळला की तो स्वतःहून सुटत नाही. विसर्जनानंतरचे थर्माकोल आणि प्लॅस्टर पाणी ओसरले की लगेच काढावे. पाखरांना फरसाण, पाव, शेव घालणाऱ्यांना सौम्यपणे थांबवावे. असे खाणे त्यांच्या आरोग्याला वाईट असते आणि त्याने कुत्री काठावर जमतात.

उन्हाळ्यात पाणी आटून तापले की एकाच ठिकाणी अनेक पक्षी लुळे पडलेले किंवा मेलेले आढळू शकतात. त्यांना हात लावू नये, घरी नेऊ नये, फोटो आणि ठिकाण घेऊन वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.

कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढाच वेळ ठेवावा. पाण्यात उतरणाऱ्याने कधीही एकट्याने उतरू नये. गाळ कमरेपर्यंत ओढतो, म्हणून कमरेला दोर आणि काठावर दुसरा माणूस हवाच. गमबूट आणि हातमोजे घालावेत, पायाला जखम असलेल्याने चिखलात जाऊ नये. गवतात घोणस असते, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने गवत हलवावे. पाण्यातला विरोळा मात्र बिनविषारी असतो, त्याला मारू नये. ढग गडगडले की सर्वांनी लगेच उघड्या काठावरून निघावे.

कामानंतरच्या नोंदी

काम सुरू करण्यापूर्वी, संपल्यावर आणि त्यानंतर दर महिन्याला, त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने फोटो घ्यावेत. कोणत्या तुकड्यातून किती ट्रॉली जलपर्णी निघाली, किती रोपे उपटली, कोणता पट्टा राखला हे पक्ष्यांच्या मोजणीच्याच वहीत, त्याच तारखेखाली लिहावे. मार्चच्या अखेरीस दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. मोकळ्या केलेल्या चिखलावर टिलवे आणि चिखले आले का, राखलेल्या पाणकणसात पाणकोंबड्या टिकल्या का, हे तुकड्यागणिक तपासावे, आणि जिथे कापल्याने पक्षी घटले तो तुकडा पुढच्या ऑक्टोबरच्या आराखड्यातून वगळावा. हा आराखडा मेअखेरपर्यंत लिहून जलसंपदा विभागाकडे किंवा महापालिकेकडे द्यावा, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने परवानगीच्या कागदांसाठी हाताशी राहतात.